भारतातल्या क्लिक बीटलच्या चुकीच्या नोंदी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लिक बीटल म्हणजे एलॅटेरिडी कुलातले भुंगेरे. उताणे पडले की टक् असा आवाज करत हवेत उसळतात आणि पायांवर उतरतात. जगभरात त्यांच्या सुमारे १०,००० जाती आहेत. भारताची यादी गेल्या अडीचशे वर्षांत लॅटिन, फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी लिखाणातून साठत आली. त्यातली कितीतरी नावं एका यादीतून दुसरीत उतरवली गेली, पण मूळ नमुना पुन्हा भिंगाखाली कुणी धरला नाही. ही यादी साफ करायची असेल तर घाई करून चालत नाही आणि अंदाजाने तर मुळीच चालत नाही. संग्रहालयात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा पोर्टलवर हे काम करणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत.

एखादी नोंद चुकीची आहे हे कशावरून ठरवायचं?

नोंदीला चार कड्या असतात: नमुना, त्याखालची चिठ्ठी, कुणीतरी केलेली ओळख आणि छापील उल्लेख. नेमकी कुठली कडी तुटली आहे ते आधी शोधा. ओळख चुकली असेल तर नमुना पुन्हा तपासावा लागतो. ठिकाण चुकलं असेल तर नमुन्याला हात लावायचीही गरज पडत नाही, जुने नकाशे काढावे लागतात. छपाईत किंवा उतरवून घेताना चूक झाली असेल तर मूळ लेख मिळवावा लागतो.

‘ही जात इकडे असणं शक्य नाही’ हा पुरावा नव्हे, ती फक्त शंका आहे. शंकेवरून नमुना शोधायला घ्यावा, नाव खोडू नये.

नमुना क्लिक बीटलचाच आहे, याची खात्री कशी करायची?

पहिली चाळणी इथेच लावा, कारण संग्रहांच्या पेट्यांत दुसऱ्या कुलांचे भुंगेरे नेहमी सापडतात. नमुना उलटा करून बघा. पुढच्या पायांमधून मागे जाणारा प्रोस्टर्नमचा (पुढच्या वक्षाच्या खालच्या पट्टीचा) दांडा आणि मधल्या छातीवरचा तो बसणारा खड्डा दिसायला हवा. प्रोनोटमचे, म्हणजे वक्षावरच्या ढालीचे, मागचे कोपरे टोकदार होऊन मागे वळलेले असतात.

घोटाळा सर्वांत जास्त युक्नेमिडी कुलाशी होतो. तेही दिसायला तसेच, आणि त्यांतले काही टक् आवाजही करतात. म्हणून आवाज ऐकला एवढ्यावर कुल ठरवू नका. तोंडाकडे बघा: क्लिक बीटलचा वरचा ओठ सुटा आणि स्पष्ट दिसतो, युक्नेमिडीत तो बाहेरून दिसत नाही. ब्यूप्रेस्टिडीत, म्हणजे चकचकीत रत्नभुंगेऱ्यांत, पुढचं वक्ष मागच्या भागाला घट्ट जखडलेलं असतं आणि पोटाखालचे पहिले दोन दृश्य खंड एकमेकांत मिसळलेले असतात. लांबुळके लँग्युरिइनी भुंगेरेही कधीकधी या पेट्यांत असतात. त्यांच्या शृंगिकांच्या (डोक्यावरच्या मिशांच्या) टोकाला गदेसारखा फुगवटा असतो.

कुठल्या गटांच्या नोंदी आधी तपासायला घ्याव्यात?

*कार्डिओफोरिनी.* लहान, काळसर किंवा तपकिरी आणि सगळे एकसारखे दिसणारे. स्क्युटेलम (पंखांच्या मुळाशी असलेला छोटा त्रिकोण) पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा आणि पुढच्या कडेला मधोमध खाच असलेला असला की उपकुल नक्की. अडचण पुढे येते. जुन्या लेखांत जवळजवळ प्रत्येकाला कार्डिओफोरस म्हटलेलं असतं. आता नखांची ठेवण बघतात: कार्डिओफोरसची नखं साधी, डायक्रोनिकसच्या नखांवर दात. हा दात बघायला ५० ते ६० पट मोठं दिसायला हवं आणि नखं स्वच्छ हवीत. नमुना चिकटवताना लागलेल्या सरसाच्या एका थेंबाने तो सहज झाकला जातो. नखं सरसात बुडालेल्या नमुन्यांची ओळख पुन्हा तपासा.

*मेलानोटस.* नखांवर कंगव्यासारखे दाते असतात, त्यामुळे प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) चटकन ओळखू येते आणि तिथेच माणूस गाफील राहतो. प्रजातीत जाती पुष्कळ, रंग सगळ्यांचे तपकिरी-काळे आणि वरून दिसणारे फरक फारच थोडे. युरोपात मेलानोटस व्हिलोसस आणि मेलानोटस कॅस्टानिपेस या दोन साध्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातींचा दीर्घकाळ गोंधळ झाला. त्यांना वेगळं करायला नराचं जननांगच बघावं लागतं. तिथल्या अभ्यासकांकडे इतके नमुने असून ही स्थिती. भारतात फक्त रंग आणि लांबी बघून लिहिलेलं मेलानोटसचं जातीचं नाव ‘अपुष्ट’, म्हणजे पुराव्याने पक्कं न झालेलं, धरूनच काम सुरू करा.

*ॲग्रिप्नस आणि शेजारी.* अंगावर खवले किंवा खवल्यांसारखे केस असतात आणि शृंगिका ठेवायला प्रोस्टर्नमच्या बाजूने खाचा असतात. खवले झडले की रंगाची नक्षी जाते आणि झिजलेला नमुना वेगळीच जात वाटू लागतो. खवले शाबूत आहेत का, हे नोंदीत लिहायला विसरू नका.

*मोठे ठिपकेदार क्लिक बीटल.* जुन्या भारतीय लिखाणातला ‘अलाउस’ आज बहुतेक क्रिप्टॅलाउस आहे. १९६७ मध्ये ओहिरा यांनी ही प्रजाती मांडली आणि अलाउस हे नाव अमेरिका खंडातल्या जातींकडे राहिलं. काळे टपोरे डोळ्यांसारखे ठिपके असलेला अलाउस ऑक्युलेटस हा उत्तर अमेरिकेतला भुंगेरा आहे. भारतातल्या फोटोखाली ते नाव दिसलं तर ओळख चुकली, इतकं सरळ.

नाव बदललं म्हणजे आधीची ओळख चुकीची होती का?

नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की यादीत नव्या चुका शिरतात. लिनिअस आणि फॅब्रिशियस या अठराव्या शतकातल्या वर्गीकरणकारांच्या काळात बहुतेक क्लिक बीटल ‘एलॅटर’ या एकाच प्रजातीत जात. फॅब्रिशियसचा एलॅटर फस्किपेस आज ॲग्रिप्नस फस्किपेस आहे. जात तीच, प्रजाती बदलली. ही दुरुस्ती नव्हे, अद्ययावत नाव आहे.

खरा खड्डा आहे तो ॲग्रिप्निनी उपकुलातल्या नावांच्या अदलाबदलीचा. पूर्वी ज्याला लॅकॉन म्युरिनस म्हणत तो आज ॲग्रिप्नस म्युरिनस, आणि पूर्वीचा ॲडेलोसेरा क्वेर्सिआ आज लॅकॉन क्वेर्सिअस. म्हणजे जुन्या लेखातला ‘लॅकॉन’ आणि आजच्या लेखातला ‘लॅकॉन’ हे वेगळे गट असू शकतात. या उपकुलाची मोठी फेरमांडणी फॉन हायेक यांनी १९७३ मध्ये केली. त्याआधीची नोंद वाचताना लेखकाच्या डोळ्यांसमोर कुठली व्याख्या होती ते आधी पाहा. अशी नावं यांत्रिकपणे बदलणारी एक्सेल शीट एका दिवसात शंभर नव्या चुका करू शकते.

ओळखच चुकलेली असेल तेव्हा ते नाव त्या जातीचं समानार्थी नाव होत नाही. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचं कलम ४९ याबाबत स्पष्ट आहे: चुकीच्या ओळखीतून वापरलेलं नाव त्या दुसऱ्या जातीला देता येत नाही. यादीत ते ‘अमुक लेखकाच्या अर्थाने, मूळ वर्णनकर्त्याच्या अर्थाने नव्हे’ अशा खुणेसह वेगळ्या ओळीत द्यायचं.

चिठ्ठीवर ‘बॉम्बे’ लिहिलं आहे. महाराष्ट्र धरायचं का?

धरू नका. बॉम्बे म्हणजे शहर, बंदर किंवा अख्खा इलाखा. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, आणि बेळगाव, धारवाड, कारवारही त्यातच. बंदरावरून पेट्या रवाना होत, म्हणून दूरच्या नमुन्यांवरही बंदराचं नाव चढे. महाराष्ट्र राज्य १९६० चं. १८९० च्या चिठ्ठीतून ते सरळ निघत नाही.

सगळ्यांत फसवं नाव ‘बॅसीन’. ते आपलं वसई असू शकतं आणि ब्रह्मदेशातलं पाथेनही, कारण इंग्रज दोन्ही गावांना एकच नाव लिहीत. अशा वेळी चिठ्ठीवर संग्राहक कोण आहे ते बघा आणि त्या वर्षी तो कुठे होता ते शोधा. त्याच पेटीतल्या इतर नमुन्यांवर तेनासेरीम किंवा रंगून ही ब्रह्मदेशातली नावं असतील तर वसईचा दावा सोडून द्यावा. ‘खानदेश’ म्हणजे आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार. जिल्हा ठरवता येत नसेल तर ठरवू नका.

इतरही काही नावं लक्षात ठेवा. १९१२ पर्यंतच्या ‘बेंगाल’मध्ये बिहार, ओरिसा आणि छोटा नागपूर येतात. १९४७ पूर्वीच्या ‘आसाम’मध्ये खासी आणि नागा टेकड्या, तसंच आज बांगलादेशात असलेला सिल्हेट. ‘ब्रिटिश भूतान’ म्हणजे १८६५ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे आलेला कालिम्पाँगचा भाग, म्हणून ही नोंद भूतानची नसून पश्चिम बंगालची. ‘पंजाब’ असेल तर लाहोर आणि मरीही त्यात येतात. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश इंडियाचाच भाग होता. त्या काळातल्या यादीत ‘इंडिया’ वाचून आजच्या भारतात नोंद टाकली की चूक झालीच. गोव्याचं उलट आहे. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य असल्याने ब्रिटिश याद्यांत गोवा बहुधा येतच नाही, आणि ‘पोर्तुगीज इंडिया’ लिहिलेल्या नमुन्यासाठी दमण आणि दीवही तपासावे लागतात.

आणि नुसतं ‘इंड. ओर.’ असेल तर?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ‘पूर्वेकडची इंडिया’ म्हणजे भारतापासून जावापर्यंत काहीही. अशा एकट्या चिठ्ठीवर देशाची नोंद टिकत नाही. टाइप नमुना (ज्यावरून जातीचं मूळ वर्णन झालं तो) बघून जात कळेल, ठिकाण कळणार नाही. फॅब्रिशियसचे टाइप प्रामुख्याने कोपनहेगनला आहेत. बेल्जियन कीटकतज्ज्ञ कांदेझ यांनी १८५७ ते १८६३ या काळात चार खंडांत वर्णिलेल्या जातींचे नमुने ब्रसेल्स आणि लंडनला शोधावे लागतात, फ्रेंच कीटकतज्ज्ञ फ्लुत्यो यांचे पॅरिसला. मात्र ठिकाणासाठी आजच्या भारतातून गोळा केलेला, तारीख असलेला दुसरा नमुनाच लागतो.

जननांगाची तपासणी घरच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जमेल का?

जमते. स्टिरिओ मायक्रोस्कोप, दोन बारीक चिमटे, टोक वाकवलेली सूक्ष्म टाचणी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड एवढं लागतं.

आधी सर्व बाजूंनी फोटो काढा, कारण नंतर खवले आणि लव पूर्वीसारखी राहत नाही. वाळलेला नमुना मऊ करायला झाकणबंद डब्यात ओल्या टिश्यूवर २४ ते ४८ तास ठेवा आणि बुरशी लागू नये म्हणून थायमॉलचे दोन-चार खडे टाका. घाई असेल तर साधारण ६० अंशांच्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून २० मिनिटं ठेवा. मात्र खवल्यांच्या ॲग्रिप्नसला पाण्यात बुडवू नका. चिठ्ठ्या काढाव्या लागल्या तर एका नमुन्याच्या चिठ्ठ्या एकाच टाचणीवर, त्याच क्रमाने. दोन नमुन्यांवर एकाच वेळी काम करू नये. चिठ्ठ्यांची अदलाबदल होते ती इथेच, आणि नंतर ती कुणालाही पकडता येत नाही.

पोटाच्या टोकाशी वरच्या आणि खालच्या शेवटच्या खंडांमधून वाकडी टाचणी आत घालून जननांग हळूच बाहेर ओढा. अडलं तर जोर लावू नका, परत मऊ करायला ठेवा. द्रावण १० टक्क्यांचं: १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात सावकाश विरघळवून पाण्यानेच १०० मिलिलिटर करा. आधी पाणी, मग रसायन; हातमोजे आणि चष्मा घालूनच. खोलीच्या तापमानाला रात्रभर, किंवा गरम पाण्यात ठेवलेल्या नळीत १० ते १५ मिनिटं, दर काही मिनिटांनी बघत. स्नायू निघून भाग पारदर्शक दिसला की थांबा. पाण्याने धुवा, मग ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब टाकलेल्या पाण्याने, आणि ग्लिसरीनमध्ये ठेवा.

निरीक्षणातली नेहमीची चूक म्हणजे तिरपी बैठक. मधला दांडा आणि त्याच्या बाजूचे दोन फाटे, विशेषतः फाट्यांच्या टोकाचा आकडा आणि त्यावरचे केस, हे बघायचे असतात. जननांग १०-१५ अंश कललेलं असलं तरी टोकाचा आकार बदललेला वाटतो आणि ‘नवी जात’ जन्माला येते. म्हणून वरून, खालून आणि बाजूने अशी तिन्ही चित्रं घ्या. काम झालं की ग्लिसरीन भरलेली सूक्ष्म कुपी त्याच नमुन्याच्या टाचणीला लावा. जननांग वेगळ्या पेटीत ठेवलं तर काही वर्षांत ते कुणाचं हेच कळत नाही.

नमुना मादीचा असेल तर?

काम संपत नाही, अवघड होतं. क्लिक बीटलच्या मादीच्या अंतर्गत पिशवीत कडक पट्ट्या किंवा काटे असतात आणि कार्डिओफोरिनी, मेलानोटस अशा गटांत ते उपयोगी ठरतात. पिशवीची भिंत फार नाजूक असते. द्रावणात जास्त वेळ राहिली तर फाटते. नराच्या निम्मा वेळ द्या. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी मिळालेल्या नराशी ‘जोडी’ लावून मादीला जातीचं नाव देण्याचा मोह टाळा. एकाच झाडावर मेलानोटसच्या दोन जाती असू शकतात.

फोटोवरून दुरुस्ती करता येते का?

कुल, उपकुल आणि बऱ्याच वेळा प्रजातीपर्यंत. जातीपर्यंत क्वचितच. फोटो काढणाऱ्यांना आमचं सांगणं एकच: वरून एक, खालून एक, समोरून चेहऱ्याचा एक, आणि नखं. खालचा एक फोटो वरच्या दहा फोटोंपेक्षा मोलाचा. जिवंत भुंगेरा पारदर्शक डबीत ठेवून खालून फोटो काढला की प्रोस्टर्नम दिसतो आणि भुंगेरा सुखरूप सोडून देता येतो.

शेतातल्या वायरवर्मच्या, म्हणजे क्लिक बीटलच्या अळ्यांच्या, नोंदींचं काय?

अहवालात फक्त ‘वायरवर्म’ लिहिलेलं असेल आणि अळी जपून ठेवलेली नसेल, तर ती नोंद कुलाच्या पातळीवरही कच्ची आहे. गोनोसेफॅलमसारख्या, टेनेब्रिओनिडी या वेगळ्या कुलातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या तशाच पिवळट आणि कडक असतात. त्यांना वरचा ओठ असतो आणि पुढचे पाय मोठे असतात. क्लिक बीटलच्या अळीला सुटा वरचा ओठ नसतो, त्याजागी दातेरी कड असते, आणि तिन्ही जोड्यांचे पाय जवळपास सारखे.

मग शेपटीचा खंड बघा. ॲग्रिओटेसमध्ये तो शंकूसारखा, मुळाशी दोन काळसर डोळ्यांसारखे खड्डे असलेला. मेलानोटसमध्ये चपटा, टोकाला तीन छोटे दात. इतर अनेकांत तो दुभंगलेला असतो. युरोपीय हस्तपुस्तकातून ॲग्रिओटेसच्या जातीचं नाव भारतीय शेताला लावलेलं दिसलं तर आधी अळीचा नमुना मागा. अळ्या ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, पण त्याआधी मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकाव्यात, नाहीतर त्या काळ्या पडतात.

नमुना सापडतच नाही. नाव काढून टाकायचं?

नमुना नाही म्हणजे चूक सिद्ध झाली असं नाही. यादीत तीन दर्जे ठेवा: पुष्ट, अपुष्ट, चुकीची. नमुना पाहिला आणि ओळख पटली तर पुष्ट. नमुना नाही, वर्णन पुरेसं नाही, पण अशक्यही नाही, तर अपुष्ट. नमुना पाहिला आणि तो दुसराच निघाला, किंवा ठिकाण भारताबाहेरचं असल्याचं कागदपत्रांतून दिसलं, तरच चुकीची. हा तिसरा दर्जा देताना प्रत्येक नावापुढे कारण लिहिलंच पाहिजे.

मोठ्या तज्ज्ञाची ओळख-चिठ्ठी असेल तर पुन्हा तपासायची गरज आहे का?

चिठ्ठीवरचं वर्ष बघा. फेरमांडणीच्या आधीची ओळख तज्ज्ञाची असली तरी आजच्या अर्थाने तपासावी लागते. आणखी एक: त्याने पेटीतला एकच नमुना तपासलेला असतो आणि शेजारच्या वीस नमुन्यांना नंतर कुणीतरी तेच नाव दिलेलं असतं. चिठ्ठी ज्या टाचणीवर आहे, त्याच नमुन्यापुरती ती खरी.

जुनी चुकीची चिठ्ठी काढायची का?

कधीही नाही. कितीही चुकीची असली तरी तोच इतिहास आहे. आधीच्या लेखकाने कुठला नमुना पाहिला हे तिच्यावरूनच कळतं. नवी चिठ्ठी तिच्या खाली लावा: नाव, वर्णनकर्ता, ओळख कुणी केली, वर्ष. आम्लरहित कागद आणि न पसरणारी काळी शाई वापरा. नमुन्याला संग्रह क्रमांक नसेल तर आधी तो घ्या.

दुरुस्ती प्रसिद्ध करताना काय काय द्यावं?

प्रत्येक नावाखाली: आधीची नोंद जशी छापली होती तशी, पान क्रमांकासह, चिठ्ठीतला मजकूर शब्दशः, ओळी तोडल्या आहेत तशाच, नमुन्याचा क्रमांक आणि ठिकाणा, आताची ओळख आणि ती कुठल्या लक्षणावरून, नराच्या जननांगाचं चित्र मोजपट्टीसह. ठिकाणाचा तुमचा अर्थ चौकटी कंसात, वेगळा. अक्षांश-रेखांश अंदाजाने देऊ नका. ‘बॉम्बे इलाखा’ असलेल्या नमुन्याचा ठिपका फोर्टात पडला तर पुढची दहा वर्षं लोक तो खरा मानतील.

पोर्टलवर चूक दिसली तर?

आयनॅचरलिस्टवर (लोकांनी टाकलेल्या फोटो-नोंदींचं पोर्टल) नुसतं ‘चूक’ म्हणून थांबू नका. तुमची ओळख द्या आणि कारण एका ओळीत लिहा. जात ठरत नसेल तर प्रजाती किंवा उपकुल सुचवून असहमती नोंदवा. तिथे समाजाची ओळख दोन-तृतीयांशांहून जास्त सहमतीवर ठरते, त्यामुळे एका दुरुस्तीने नोंद बऱ्याचदा पुन्हा ‘ओळख हवी’ या गटात येते. जीबिफ (संस्थांच्या जैवविविधता नोंदी एकत्र दाखवणारं जागतिक पोर्टल) स्वतः नोंदी बदलत नाही. तिथली सूचना मूळ संस्थेकडे जाते आणि संस्थेने आपला संच सुधारला की बदल दिसतो. म्हणून संग्रहालयाच्या नोंदीत चूक असेल तर थेट त्या संग्रहालयाच्या क्युरेटरला संग्रह क्रमांकासह लिहा. ओळख बदलताना आधीचं नाव ‘पूर्वीच्या ओळखी’ या रकान्यात ठेवायला सांगा.

नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवू का?

आधी फोटो आणि जननांगाची चित्रं पाठवा. बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं. नमुनाच पाठवायचा असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो. संस्थेमार्फत आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघूनच पाठवा. अभयारण्यात गोळा करायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर तुमचा उत्तम पुरावाही कुठलं संग्रहालय घेणार नाही.

यादीतून काढलेली जात नंतर खरंच भारतात सापडली तर?

नव्या नमुन्याची नवी नोंद करा, आणि देशातली पहिली पुष्ट नोंद म्हणून नव्या नमुन्याचंच वर्ष लिहा. जुनी चुकीची नोंद त्यामुळे बरोबर ठरत नाही. तो जुना नमुना दुसऱ्याच जातीचा होता आणि त्याच जातीच्या नावाखाली राहील.